टायपिस्टनं वाचायचं नसतं

"बॅकअप घेतला होता का?" हा प्रश्न लोक नेहमी लॅपटॉप मेल्यावर विचारतात. तो जिवंत असताना कुणी विचारत नाही. माझ्या धाकट्या भावानं तो पुण्यातून फोनवर तीनदा विचारला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "अरे, घेतला असता तर तुला फोन कशाला केला असता, तुझा आवाज ऐकायला?" मग तो गप्प बसला. भाऊ इंजिनिअर आहे. इंजिनिअर माणसाला गप्प बसवायला फार काही लागत नाही, त्याचाच प्रश्न त्याला परत ऐकवला की पुरतं.

लॅपटॉप त्याचाच होता, म्हणजे वापरून टाकलेला. नवा घेतल्यावर जुना त्यानं मला दिला, आणि दिला असा, की जणू मळ्याचा सातबाराच माझ्या नावावर करून देतोय. आत त्याच्या मुलाचे गेम तसेच होते, सोसायटीच्या मीटिंगांचे फोटो होते, बायकोच्या माहेरच्या लग्नांचे तर विचारूच नका. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये असं आई सांगायची. मी काढली, पण मनातल्या मनात.

त्या लॅपटॉपात बाबांचं लिखाण होतं. दोनशे अकरा पानं. बाबा देवळाली कॅम्पातल्या एका लष्करी कचेरीत नागरी कारकून होते. निवृत्त झाल्यावर वीस वर्षं त्यांनी पेपर वाचण्यापलीकडे काही केलं नाही, आणि शेवटच्या दीड वर्षात अचानक आठवणी लिहायला बसले. सात वह्या भरल्या. त्या मी टाइप केल्या, आणि एकेक वही संपली तशी ती रद्दीवाल्याला दिली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही भावासारखे शेवटी विचारणार. बाबा एकदा म्हणाले होते, "राहू दे गं वह्या." मी म्हटलं, "सगळं कॉम्प्युटरात आहे. कपाटात झुरळं कशाला पोसायची?"

तर बाबा गेल्याला दहा महिने झाले होते, वह्या कुठल्यातरी भेळवाल्याकडे पुड्या होऊन संपल्या होत्या, आणि वर्षश्राद्धाला पुस्तक छापून पाहुण्यांना वाटायचं भावानं ठरवलं होतं. वडील जिवंत असताना हा माणूस वर्षातून दोनदा यायचा, आणि आला की चार्जर कुठं लावू एवढंच विचारायचा. आता त्याला पुस्तक हवं होतं, जाड कव्हरचं. आणि ते सगळं पुस्तक माझ्या टेबलावरच्या एका काळ्या डब्यात होतं, ज्यातून टक, टक, टक असा आवाज येत होता. तो आवाज येता येता एका सकाळी पडदा काळा झाला आणि त्यावर दोन इंग्रजी ओळी उमटल्या. म्हणजे बाबांचं लिहिलेलं एक अक्षर जगात उरलं नव्हतं, उरलं असलंच तर त्या डब्यात, आणि ते घालवणारी मी.

आता माझ्याबद्दल. मी तीस वर्षं नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाबाहेर टायपिंग करते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, घटस्फोटाचे दावे, वाटणीपत्रं. आधी लोखंडी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर, आणि तो मेल्यापासून भावाच्या याच लॅपटॉपवर. लग्न मी केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्यांना मी आजवर चहा सोडा, पाणीही विचारलेलं नाही. आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा, एवढेच. मराठी टायपिंग मी इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, डोळ्यांवर रुमाल बांधून. हल्लीची पोरं इंग्रजी स्पेलिंग मारून मराठी उमटवतात. त्यांना मी टायपिस्ट म्हणत नाही. ते मराठी बडवणारे. सगळे युनिकोडवर गेले, मी गेले नाही. मी आमच्या इन्स्टिट्यूटच्याच जुन्या फॉन्टवर राहिले, कारण त्यात बटणं मशीनसारखीच होती आणि माझी बोटं तिथंच पडायची. वकील सांगून थकले. मी म्हटलं, छापून कागद मिळतोय ना हातात, मग आतलं काय करायचंय तुम्हाला?

आणि टायपिस्टचा पहिला नियम मला आमच्या इन्स्टिट्यूटच्या सरांनी शिकवला, तोही तुम्हाला सांगून ठेवते: वाचायचं नाही. डोळ्यानं अक्षर बघायचं, बोटानं मारायचं, डोक्याला मध्ये येऊ द्यायचं नाही. वाचायला लागलात की वेग गेला आणि चुका सुरू झाल्या. शिवाय कोर्टाबाहेर लोकांचं जे काय येतं ते वाचत बसलं तर माणूस महिन्याभरात वेडा होईल. कुणाच्या नवऱ्यानं काय केलं, कुठल्या भावानं कुठल्या बहिणीचा अंगठा कसा घेतला. मी हजारो पानं टाइप केली आणि त्यातलं एक वाक्य मला सांगता येणार नाही. याचा मला गर्व होता. इतरांचा वेग मिनिटाला तीस-चाळीस शब्द, माझा साठ. का? कारण मी वाचत नाही.

बाबांच्या वह्याही मी तशाच टाइप केल्या. म्हातारा कारकून काय लिहिणार? कोण साहेब कुठून बदलून आला, रेशनला रांग कशी लागायची, कुठल्या साली क्वार्टरला पत्रे नवे घातले. जी माणसं आयुष्यभर फाइलीवर शेरे मारतात त्यांना म्हातारपणी वाटायला लागतं की आपल्यालाही सांगण्यासारखं काही आहे. मला वाटायचं, लिहू दे बिचाऱ्यांना, निदान टीव्ही तरी बंद राहतो.

असो. लॅपटॉप घेऊन मी एमजी रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात गेले. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा. भिंतीवर तीन सर्टिफिकिटं, सगळी वाकडी लावलेली. मालक पस्तिशीचा, बोलण्यावरून विंचूर-लासलगावकडचा. त्यानं झाकण पुसून बोटाला लागलेलं कुंकू बघितलं.

"दसऱ्याला पूजा लय जोरात झालेली दिसती," तो म्हणाला.

"पूजेनं बिघडला का?"

"नाय नाय. त्याचं वय झालंय. आत जुनी फिरती डिस्क हाय, ती गेली. नवी एसएसडी डिस्क टाकून घ्या ताई, रॉकेट होईल."

"मला रॉकेट नकोय. मला आतली एक फाइल हवीय."

"डेटा म्हंता का? काढू की. डेटाचं काय एवढं."

डेटाचं काय एवढं. हा शब्द मला पहिल्यापासून आवडत नाही. बाबांची ऐंशी वर्षं, भावाच्या पोराचे गेम आणि मेहुणीच्या हळदीचे फोटो, सगळं एकाच पोत्यात कोंबून वर चिठ्ठी लावली: डेटा.

त्यानं स्क्रू काढून एका स्टीलच्या वाटीत टाकले. वाटीत आधीच कुठले कुठले स्क्रू होते, आणि आमचे त्यात मिसळले. मी ते बघितलं, त्यानं मी बघितलेलं बघितलं. मग त्यानं डिस्क बाहेर काढली. पत्त्यांच्या जोडाएवढी. ती एका वायरीनं आपल्या कॉम्प्युटरला लावली आणि कान जवळ नेला.

"शेवटच्या घटका मोजती ही," तो म्हणाला. "एकदा चालंल, दुसऱ्यांदा नाय. काय काय घ्यायचं ते आत्ताच सांगा."

"सगळं."

"सगळं म्हंजे, विंडोज नाय घेत आम्ही. ते नवीनच टाकतो. डॉक्युमेंट, डेस्कटॉप, फोटो, एवढं घेतो. चालंल?"

"तेच तर म्हणतेय," मी म्हटलं, आणि म्हटलं ते अशा सुरात, की या बाबतीत मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं.

कॉपी सुरू झाली. मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. पडद्यावर एक हिरवी पट्टी होती, ती गोगलगाईसारखी पुढं सरकायची आणि खाली कुठली फाइल चालली आहे त्याचं नाव यायचं. आधी फोटो. भावाचे चार हजार फोटो. त्यानंतर त्याच्या बायकोनं कधीतरी उतरवून ठेवलेली गुड मॉर्निंगची चित्रं: गुलाब, दवबिंदू, कबुतरं, चहाचे कप, सुविचार. मरायला टेकलेली डिस्क आपला शेवटचा श्वास गुलाबांवर खर्च करत होती आणि मी हात चोळत बघत होते.

"माझी फाइल आधी घ्या ना," मी म्हटलं.

"मधी थांबवलं तर डिस्क बसंल ताई. लायनीत येऊ द्या."

लायनीत. बाबा जन्मभर लायनीत उभे राहिले, मेल्यावरही त्यांना गुलाबांच्या मागं उभं केलं. साडेतीन तासांनी डॉक्युमेंट आले. बाबांच्या फाइलीचं नाव खाली दिसलं, क्षणभर, आणि गेलं. नंतर दहा-बारा मिनिटांत डिस्कनं एक लांब कर्र असा आवाज केला आणि ती थांबली. मालकानं वायर काढून परत लावली, हातावर हलकेच आपटली, कानाशी नेली.

"संपली," तो म्हणाला. "पण आपलं काम झालं बघा. डेटा सगळा आला."

नवी डिस्क लॅपटॉपात बसली, स्क्रू वाटीतून शोधून लागले, एक कमी पडला, त्याबद्दल मी बोलणार होते पण लॅपटॉप खरंच झटक्यात सुरू झाला आणि ते राहूनच गेलं. मालकानं ऐटीत बाबांची फाइल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिखल होता. दोनशे अकरा पानं चिखल. ना इंग्रजी, ना मराठी. मांजर कीबोर्डवरून चालत गेलं तर जे उमटेल ते.

"करप्ट झाली," मालक म्हणाला. "डिस्क जाता जाता कधी कधी..."

मी त्याचं ऐकत नव्हते. काय झालंय ते मला कळलं होतं. "फॉन्ट," मी म्हटलं.

"कोनता फॉन्ट?"

मी सांगितलं.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कोर्टाबाहेर अंगठा पुढं करणाऱ्या शिकलेल्या माणसाकडे बघते. "तो कोन वापरतं आता, ताई? समदे युनिकोडवर गेले. आणि वापरत व्हता तर आधी बोलायचं ना. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात असतो. दोन मिनिटांत घेतला असता."

"तुम्ही विचारलं नाही."

"मी विचारलं, चालंल का. तुम्ही चालंल म्हनल्या."

खरं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानं बिचाऱ्यानं इंटरनेटवरून तसला एक फॉन्ट उतरवून टाकूनही पाहिला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा आमच्या सरांनी कुणाकडून तरी दुरुस्त करून घेतलेला फॉन्ट, त्याच्या जागी दुसरा कसा चालणार? अर्ध्या जोडाक्षरांच्या ठिकऱ्या उडाल्या आणि मात्रा भलत्याच डोक्यावर जाऊन बसल्या. मी म्हटलं, काढा तो. इन्स्टिट्यूट बंद होऊन तिथं आता लेगिंग्जचं दुकान आहे. कोर्टातल्या एका म्हाताऱ्या टायपिस्टकडे तो फॉन्ट असण्याची शक्यता होती, पण त्या दिवशी शनिवार, आणि तो शनिवारी दुपारीच गावाला जातो, फोन उचलत नाही. सोमवारपर्यंत थांबायचं, आणि सोमवारी त्यानं 'कधीच काढून टाकला' म्हटलं की संपलं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तू वह्या रद्दीत घातल्यास आणि फॉन्टचं सांगायला विसरलीस. म्हणजे दोन्ही तूच." मी म्हटलं, "हो, दोन्ही मीच. तू काय केलंस तेवढं सांग." त्यानं फोन ठेवला. तो ठेवणार हे मला माहीत होतं, तरी राग आला.

बसनं कॅम्पात घरी आले. संध्याकाळचे पाच वाजले असतील. लॅपटॉप टेबलावर उघडून बसले आणि आधी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. त्यात माझा वेग साठपेक्षा जास्त आहे. मग नुसतीच त्या चिखलाकडे बघत राहिले. पहिल्या ओळीत सी, के, सी, के अशी चार अक्षरं होती. पुढच्या परिच्छेदात पुन्हा सी, के, सी, के. आणि माझ्या दोन्ही हातांची मधली बोटं उगाच हलली.

हे नीट समजून घ्या, कारण मलाही ते त्या दिवशीच समजलं. मला कुणी विचारलं की 'ग' कुठल्या बटणावर आहे, तर मला सांगता येणार नाही. तीस वर्षांत कधीच सांगता आलं नाही. पण बोटांना माहीत आहे. आमच्या फॉन्टची गंमत अशी, की बटण इंग्रजी सीचं असतं आणि उमटतो 'ब'. फॉन्ट गेला तर मागं फक्त बटणाचं इंग्रजी अक्षर राहतं. म्हणजे पडद्यावरचा तो चिखल चिखल नव्हता. मी ज्या क्रमानं बटणं दाबली होती, तो क्रम होता. मीच दाबली होती. सी, के, सी, के मी दाबलं, तेव्हा बाबा उमटलं होतं.

मग मी कागद घेतला. पडद्यावरचं अक्षर बघायचं, डोळे मिटून ते बटण दाबायचं, बोट काय सांगतं ते ऐकायचं आणि कागदावर लिहायचं. पहिलं पान उतरवायला सव्वा तास लागला. साठच्या वेगाची बाई, सव्वा तासात एक पान. आणि त्या पानावर काय होतं? आजोबांच्या गावच्या बैलबाजाराचं वर्णन. मी म्हटलं, यासाठी? पण एक होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी टाइप केलेलं वाचत होते, कारण वाचल्याशिवाय पुढचं अक्षर कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी दुसरं पान घेतलं आणि कंटाळले. कोण कुठला साहेब आणि त्याचा कुत्रा. माणूस फोटोत आधी स्वतःला शोधतो, तशी मला अवदसा आठवली: बघू तरी, आपल्याबद्दल काय लिहिलंय. शोधायच्या चौकटीत मी 'मुलगी' टाइप केलं, म्हणजे त्याची पाच बटणं दाबली: ई, क्यू, वाय, एक्स, एच. सत्तावीस ठिकाणी सापडलं. पहिल्या काही जागा साहेबांच्या मुलीच्या होत्या, मग आत्याची मुलगी, कुणाची तरी पळून गेलेली मुलगी. पान एकशे बाराला आले तेव्हा शेजारच्या शब्दांवरून कळलं, की ही मी आहे. ते पान मी पूर्ण उतरवायचं ठरवलं. कागदावर जे आलं ते असं:

"मुलगी बारावी पास झाली. बी.एस्सी.ला जायचं म्हणत होती. नाशिकच्या कॉलेजची यादी लागली त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून बघायला गेलो. यादीत तिचं नाव सातवं होतं. फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. घरी येऊन नाव नाही लागलं असं सांगितलं."

इथं मी थांबले. पेन खाली ठेवलं, उठून स्वयंपाकघरात गेले, कशाला गेले ते आठवेना, परत आले. मग पुढचं उतरवलं, कारण आता थांबता येत नव्हतं.

"तिनं उलटून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी टायपिंगच्या क्लासला गेली. धाकट्याचं शिक्षण पुढं होतं, दोघांचं जमणार नाही असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं, जमलं असतं. मुलगी जास्त शिकली तर आपल्या हाताबाहेर जाईल अशी भीती वाटली. ती आमच्यापाशीच राहिली. मला तेच पाहिजे होतं आणि ते मिळालं."

त्या यादीबद्दल मी कुणाशी कधी बोलले नव्हते. बोलण्यासारखं काय होतं? सगळ्यांची नावं लागली, माझं नाही. बरोबरच्या दोन मुलींची लागली, त्यातल्या एकीला माझ्याहून कमी मार्क होते. तेव्हा मला वाटलं होतं की काहीतरी चुकलंय, आणि मग वाटलं की चुकलं काहीच नाही, आपणच तेवढ्या नाही. नंतरची तीस वर्षं मी शिकलेल्या माणसांना नावं ठेवत काढली. वकिलांचं मराठी, इंजिनिअरांचं डोकं, प्रोफेसरांचे अर्ज. पदवी असलेला माणूस समोर आला की मी त्याची एक चूक शोधून काढणारच, आणि ती काढल्याशिवाय मला जेवण जात नसे. लोक म्हणायचे, बाई फटकळ आहे. फटकळ नव्हते. नाव न लागलेली होते. आणि नाव तर लागलेलं होतं, सातवं.

मला बाबांचा इतका राग आला, की मी भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवला आणि पालथा ठेवला. मग वाटलं, हे काय पोरकटपण, आणि तरी तसाच ठेवला. पानावर अजून चार ओळी होत्या. त्याही उतरवल्या.

"हे मी तिला तोंडानं सांगू शकलो नाही. ही वही तीच टाइप करणार आहे. वाचल्यावर तिला जे बोलायचं ते बोलू दे, मी ऐकून घेईन. तोवर पुढं लिहीत नाही."

भावाला मी त्याच दिवशी संध्याकाळी कळवलं, की लिखाण आहे, सगळं आहे. सोमवारी म्हाताऱ्या टायपिस्टकडे फॉन्ट निघाला, दोनशे अकरा पानं एका झटक्यात सरळ झाली. पुस्तकही छापलं गेलं, जाड कव्हरचं. छापायच्या आधी भावानं एकशे बारावं पान वाचून फोन केला. म्हणाला, "ताई, हे पान काढायचं का? पाहुणे वाचतील." मी म्हटलं, "एक अक्षर काढायचं नाही. वाचू दे." तो म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं गं." माहीत नव्हतं, हेही खरंच असणार. दहावीतल्या पोराला काय माहीत असतं. त्याला मी पहिल्यांदाच काही टोचून बोलले नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी दुपारी मी पानाच्या खाली बघितलं. रोज जेवढं टाइप होईल त्याच्या शेवटी तारीख टाकायची मला सवय आहे, मशीनच्या काळापासूनची, आणि आकडे आमच्या फॉन्टमध्ये आकडेच राहतात, त्यामुळे तारखा शाबूत होत्या. बाबांचा नेम असा होता, की रोज दोन-तीन पानं लिहायची आणि मी कोर्टातून आले की वही माझ्यापुढं ठेवायची. एकशे बाराव्या पानाखाली एक तारीख होती. एकशे तेराव्या पानाखाली होती ती बारा दिवसांनंतरची. मधले अकरा दिवस काहीच नव्हतं.

आणि ते अकरा दिवस मला आठवले, एकदम लख्ख. मी ते पान टाइप केलं त्या संध्याकाळी बाबा दाराशी उभे होते. ते कधी उभे राहत नसत, त्यांचे गुडघे दुखायचे. म्हणाले, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." म्हणाले, "काही अडलं?" मी म्हटलं, "तुमचं अक्षर दिवसेंदिवस गचाळ होतंय, बाकी काही नाही." ते म्हणाले, "वाचलंस?" आणि मी मान वर न करता म्हटलं, "टायपिस्टनं वाचायचं नसतं, बाबा. किती वेळा सांगितलंय." अगदी ऐटीत म्हटलं. ते वळून आत गेले.

मला आता लोक विचारतात, वाचलं असतंस तर माफ केलं असतंस का? नसतं केलं. चांगली भांडले असते, महिनाभर बोलले नसते, जेवणाचं ताट आपटलं असतं. त्यांची सगळी कारकुनी बाहेर काढली असती. पण म्हाताऱ्याला ते भांडण तरी मिळालं असतं. ते त्यासाठीच थांबले होते. रोज मी घरी यायचे, ते खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी भाजी काय करू विचारायचे. त्यांना वाटलं असणार, वाचत नाही हे नुसतं म्हणायचं, हिनं वाचलं आणि ही बोलणार नाही. एका घरात, एका टेबलाच्या दोन बाजूंना, अकरा दिवस.

बाराव्या दिवशी मीच त्यांच्यावर डाफरले. "काय हे बाबा, वही कुठाय? असे मध्येच हातपाय गाळून बसलात तर हे लिखाण व्हायचं कधी?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, कपाटातून वही काढली आणि पेन शोधायला लागले.